ती पांढरी साडी नेसून गेली नव्हती

मागच्या महिन्यात आमच्या पोलाद प्लँटच्या टाउनशिपमधल्या सिविक सेंटरला चष्म्याची काडी बदलायला गेलो होतो. दुकानासमोरच्या बाकावर माझ्याच वयाचे दोन रिटायर्ड गडी बसले होते. एक जण दुसऱ्याला समजावत होता की सेक्टरातल्या त्या म्हातारीला कोणी पळवलं-बिळवलं नव्हतं. पांढरी साडी नेसून, तयार होऊन, ती स्वतःच्या पायांनी गेली. खुद्द शेजाऱ्यानं पाहिलं होतं. मी मध्येच म्हणालो, शेजाऱ्यानं काहीही पाहिलं नव्हतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमाले काय मालूम? तुमी तिथं होते का?"

तो शेजारी मीच. पण ते न सांगताच मी तिथून निघालो.

आमची आणि त्या म्हातारीची, म्हणजे वहिनींची, क्वार्टरं एकाच भिंतीची. त्यांचे मालक प्लँटमधल्या माझ्याच शॉपमध्ये फिटर होते. ते भंडाऱ्याकडचे बौद्ध, आम्ही गोंदियाकडचे कुणबी. मालक वारल्यावर वहिनी आणि त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी, दोघीच राहायच्या. दहा-एक वर्षांपूर्वी एका सकाळी मुलगी उठायच्या आधी वहिनी नेहमीसारख्या फिरायला गेल्या आणि परतल्या नाहीत. मागच्या रस्त्याला त्यांची एक चप्पल सापडली. बाजूच्या सुपेल्याचा एक ऑटोवाला आपण होऊन ठाण्यात गेला. दोन माणसांनी हिरव्या साडीतल्या एका म्हाताऱ्या बाईला ओढून व्हॅनमध्ये कोंबलेलं त्यानं पाहिलं होतं. खरी माहिती म्हणावी तर एवढीच होती. त्यानंतर जे जे बोललं गेलं, ते सगळं लोकांनी रचलं.

आणि काय काय रचलं! मुलीला क्वार्टर एकटीला पाहिजे होतं. मुलीचं कोणाशी तरी होतं आणि म्हातारी आड येत होती. म्हातारी कुठल्याशा विहारात बसून आहे आणि मुलगी दर पौर्णिमेला तिला भेटून येते. प्लँटमध्ये आयुष्य काढलेली, एक बोल्ट ढिला असला तर दहादा तपासून पाहणारी ही माणसं. पण दुसऱ्याच्या घरातली बाई नाहीशी झाली तर तपासायची गरज कोणालाच वाटली नाही. सकाळच्या चहाबरोबर एक जण सुरुवात करायचा, दुपारपर्यंत मोबाईलवर ती बातमी होऊन यायची, आणि संध्याकाळी तोच माणूस ती आम्हाला वाचून दाखवायचा.

मला त्यांचा राग येतो. पण त्यांच्या सगळ्या रचण्याला पाया मी दिला, हे आधी लिहायला हवं.

वहिनी घरी रंगीत साड्या नेसायच्या. पांढरी फक्त विहारात वंदनेला जाताना, नाहीतर कोणाच्या मयतीला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळं हे मला माहीत होतं, आणि आपल्याला यांच्यातलं सगळं कळतं याचा मला थोडा तोराही होता. त्या नाहीशा झाल्या त्याच्या आदल्या दुपारी त्यांची पांढरी साडी मागच्या तारेवर वाळत होती. सकाळी हलकल्लोळ झाला तेव्हा तार रिकामी दिसली. मी चहाच्या टपरीवर म्हणालो की वहिनी पांढरी नेसून गेल्या, आणि पांढरी ठरवल्याशिवाय त्या नेसत नाहीत. कोणीतरी विचारलं, मग तो ऑटोवाला हिरवी सांगतो ते? मी म्हणालो, त्यानं दुसरीच कोणी पाहिली असेल. मोबाईलवर बातम्या करणारा एक जण आला, त्याच्या कॅमेऱ्यासमोर हेच सांगितलं. ठाण्यातही हेच. मुलीनं कपाट पाहिलं, तर पांढरी खरंच नव्हती. रंगीत साड्या सगळ्या सारख्याच विटलेल्या, त्यातली कोणती कमी आहे हे तिला सांगता येईना. ऑटोवाला खोटा ठरला. व्हॅनबद्दल बोलणंच बंद झालं.

आमच्या ओळीत एक रीत होती. प्लँटकडून वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. म्हणून ज्या बाईला वारा फिरलेला आधी कळेल, तिनं दोन्ही घरचे कपडे काढून आत न्यायचे आणि सवडीनं ज्याचे त्याला द्यायचे. कोणी कोणाला विचारायचं नाही. दोन्ही घरांची सुरुवातीपासून अशीच वहिवाट. त्या आदल्या संध्याकाळी वारा फिरला आणि माझ्या बायकोनं सगळे कपडे काढून आमच्या पलंगावर टाकले. तेवढ्यात दुर्गच्या मोहन नगरहून तिच्या बहिणीला दवाखान्यात नेल्याचा फोन आला, आणि तो ढीग तसाच कपाटात कोंबून ती दुर्गला गेली. तार मला दिसली. वारा मला आठवला नाही. कपडे काढायचं काम बायकांचं, त्यात मी कधी लक्ष घातलंच नव्हतं.

बहिणीला बरं वाटल्यावर ती परत आली. कपाट आवरताना तिनं पांढरी साडी काढून माझ्यासमोर धरली.

"हे तं वहिनीची आहे. तुमी सांगून राहिले का ते नेसून गेली म्हणून?"

मी उठून दार लावून घेतलं.

"तुमाले कोणं इचारलं होतं? जा आता ठाण्यात, नाहीतर मी जातो."

मी गेलो नाही, आणि तिलाही जाऊ दिलं नाही. म्हणालो, पोलिसांना काय आपल्या साडीवरच तपास करायचा आहे, त्यांच्याकडं आणखी काही असेलच. खरं कारण वेगळं होतं. टपरीवर लोक मला उठून जागा देत होते. आपल्या सेक्टरचा गवाह म्हणत होते. माझी बेअब्रू होऊ नये म्हणून बायको गप्प राहिली, पण घरात शेवटपर्यंत टोचत राहिली. भिंतीपलीकडं त्या पोरीच्या दारावर कोणीतरी कोळशानं घाण लिहून जायचं आणि ती शाळेत जायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायची. ते मी खिडकीतून पाहायचो. नंतर बायको वारली.

मागच्या महिन्यात सिविक सेंटरच्या त्या बाकापासून निघालो तो सरळ मुलीच्या दारात गेलो. तिचे केस आता पांढरे झालेत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: वारा, कपाट, बायको, माझं गप्प राहणं. ती रडेल, ओरडेल, दार लावून घेईल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"काका, तो ऑटोवाला दोनदा घरी आला होता," ती म्हणाली. "मी त्याला हाकलला. म्हटलं, आमचे काका झूठ काहून बोलतील?"

मी हात जोडले. तिनं ते पाहिलं नाही, किंवा पाहायचं टाळलं.

"तो काहीतरी सांगून राहिला होता. आई त्या वक्ताले काही ओरडली म्हणे. काय, ते मी ऐकूनच घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती मला ठाण्यात घेऊन गेली. नव्या साहेबांनी बयान लिहून घेतलं. टपरीवर सांगितलं तर एक जण हसून म्हणाला, "पोरीनं पटवलं वाटते बुढ्याले." त्यांना खरं नको आहे. गोष्ट हवी आहे, आणि ती त्यांच्याकडं आधीच आहे, मीच दिलेली. म्हणून इथं लिहितो आहे. वहिनींना ओढून नेलं. त्यांची मुलगी निर्दोष आहे. ऑटोवाला खरं बोलला होता.

वहिनी काय ओरडल्या ते विचारायला सध्या आम्ही दोघं त्या ऑटोवाल्याला शोधत सुपेल्याच्या ऑटो स्टँडवर जातो. जुने ऑटोवाले म्हणतात की त्यानं गाडी विकली, कदाचित गावी गेला, गाव कोणतं ते नक्की माहीत नाही. एक जण धमध्याकडचं सांगतो, दुसरा बेमेतराकडचं. मुलगी माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. मी त्याला ओळखेन का, एवढं तिनं एकदा विचारलं. मी म्हणालो, ओळखणार नाही. मी त्याला खोटं पाडलं होतं, पण त्याचं तोंड कधी नीट पाहिलं नव्हतं. ती पुढच्या ऑटोकडं वळली आणि नव्यानं विचारू लागली.