फाटकावरच्या सभेत नसलेला माणूस

कुणी जुना फोटो हातात दिला की मनोहरराव तो आधी उलटा करून पाहायचे. मागे नावं नसली तर तसाच परत करायचे. "समोरून त कोनीही पाह्यते," ते म्हणत, "मानूस मांगं लिहिला असते." पुलगावात स्टेशनजवळ त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, पुढे तो त्यांनी चालवला. ऐंशीव्या वर्षी सगळे फोटो त्यांनी कपाटासकट आमच्या वाचनालयाला दिले. मी तिथला ग्रंथपाल. समितीने आभाराचा ठराव केला आणि कपाट जिन्याखाली सरकवलं.

मग कुठल्याशा योजनेतून वाचनालयाला आभासी वास्तवाची यंत्रणा मंजूर झाली. डोळ्यांवर एक डबा चढवायचा, की आपण जुन्या फोटोच्या आत उभे. मान वळवावी तिकडे माणसं हलतात, बोलतात. गावाचा इतिहास जिवंत करायचं ठरलं. त्या इतिहासावर तेव्हा दोन खराटे आणि एक मोडका पंखा ठेवलेला होता.

निवडलेला फोटो मनोहररावांनीच विशीत काढलेला होता. कापडगिरणीच्या फाटकावर संपाची सभा भरली आहे आणि गिरजाबाई नावाची कामगार स्टुलावर उभी राहून बोलते आहे. तिच्या केसांत कापसाचे तंतू. यंत्रणा बसवायला पुण्याहून आलेल्या मॅडमच्या संगणकाने ते डाग समजून पुसले आणि सगळ्या बायांना गुलाबी, हिरव्या साड्या नेसवल्या.

"ताई, ह्या संपाले आल्या का हळदीकुंकवाले?" मनोहररावांनी विचारलं. मॅडमनी ते नम्रपणे वहीत लिहून घेतलं.

उद्घाटनाला आठवडा उरला तेव्हा समितीच्या अध्यक्षांना आठवलं की आपले वडीलही कामगारांचे नेते होते. होते का, हे विचारायचा समितीत प्रघात नव्हता. स्टुलावर जागा एकच. गिरजाबाई उतरली, अध्यक्षांचे वडील म्हातारपणीच्या फोटोवरून तरुण होऊन चढले. मी पाहिलं आणि गप्प बसलो. मला नेमलं होतं याच समितीने. मनोहररावांना मात्र सांगितलं. ते चिडले नाहीत. "कपाटाची चाबी द्या जरा," एवढंच म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी डब्याला हार घातला, नारळ फोडला. अध्यक्षांच्या फेट्यावर डबा बसेना, म्हणून फेटा उतरवला. आत वडील तावातावाने भाषण करत होते. अध्यक्षांना रडू आलं, तसे पहिल्या रांगेतले सगळे रुमाल बाहेर आले. मग मनोहररावांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"साहेब, भाषन लय चांगलं झालं," ते म्हणाले. "पन तुमचे वडील त्या दिवशी गेटावर नव्हते. गेटावर मी होतो. ते आमच्या स्टुडिओत माह्या बाबासमोर बसून होते." त्यांनी खिशातून एक लहानसा फोटो काढला. चापून बसवलेले केस, उसना कोट. मागे तारीख, वेळ आणि शेरा: मुलीकडच्यांना पाठवण्यासाठी. "ते संपात गेले असते अन् हा फोटो निघाला नसता, त आज अध्यक्ष कोन झालं असतं?"

मागच्या रांगा हसल्या. मनोहररावांसाठी आणलेली शाल टेबलावरच राहिली आणि कार्यक्रम आटोपला.

चौथ्या दिवशी अध्यक्ष मला सोबत घेऊन मनोहररावांच्या घरी गेले. दिलेला चहा त्यांनी संपवला. मग म्हणाले, "आमच्या घरी बाबाचा जवानीतला एकबी फोटो नाई. तो मले देता का?"

"देतो ना," मनोहरराव म्हणाले. "गिरजाबाईले वापस उभी करा. अन् तिच्या केसातला कापूसबी."

तसं झालं. समितीच्या अहवालात ही 'तांत्रिक सुधारणा' आहे.

मनोहरराव गेल्या हिवाळ्यात गेले. त्याच्या महिनाभर आधी गिरजाबाईच्या मुलीला ते वाचनालयात घेऊन आले होते. यमुनाबाई, सत्तरीच्या. संपाच्या वेळी दहा वर्षांच्या असतील. मी त्यांच्या डोळ्यांवर डबा चढवला. त्या मान वर करून ऐकत राहिल्या. मग हात पुढे करून कुणाचा तरी पदर धरावा तशी त्यांनी मूठ मिटली.

"माय वं, चाल ना घरी," त्या म्हणाल्या. "भूक लागून राह्यली."

वेळ संपल्याची घंटी वाजली. मी डबा काढायला पुढे झालो, तर मनोहररावांनी माझा हात धरला आणि मानेनेच नको म्हटलं.