वाघोबा उशाला

शाळा मी दुसरीतच सोडली. पण गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्र काढण्यात आमच्या खोऱ्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरे सांगत नाहीत.

माण गावात भाड्यानं राहणारी, कंप्युटरच्या कंपनीतली एक ताई आमच्या वाडीत यायची. मूळची नागपूरकडची. तिनं माझी भिंत बघितली आणि म्हणाली, "बाबा, हे चित्र कागदावर काढून द्या. चादरींवर छापू, विकू आणि ताम्हिणीकडच्या मुलींच्या वसतिगृहाला खाटा घेऊ."

त्या वसतिगृहात माझी नात शिकते. पावसाळ्यात तिथली फरशी पाझरते, पोरी ओलीवर निजतात. गेल्या साली नात खोकत घरी आली, ती दिवाळीपर्यंत खोकत होती. सून म्हणाली, "मामंजी, आता आडमुठेपणा करू नगा. द्या काढून."

दिलं. आधी कडेला वाघोबा काढला, मग वाडी, भातखाचरं, नाचणारी माणसं. शिवेवर वाघोबा बसल्याशिवाय आत माणूस काढायचा नाही, ही आमची रीत.

नमुना बघायला मी आणि सून कापड छापायच्या कारखान्यात गेलो. लांब टेबलावर चादर पसरली होती. चित्र झकास उठलं होतं. पण वाघोबा पायथ्याला!

"ह्याच्यावर लोक पाय ठेवणार?" मी विचारलं.

"बाबा, डिझाईन आहे ते," ताई म्हणाली.

"तुमचं डिझाईन. आमचा देव हाय."

"मग वाघ काढून टाकू का?"

"आन् वाडी उघडी टाकू?"

सून फणकारली, "शिवंवरच्या वाघोबाच्या दगडावर कुत्री पाय वर करत्यात, तवा कुटं जाता तुमी?"

"कुत्र्याला कळत न्हाई. मला कळतं."

मी चादरीवर हात ठेवून उभा राहिलो. छापणारा मास्तर तोंडातला तंबाखू थुंकायलाही हलेना. पाऊस तोंडावर आला होता, त्याआधी खाटा यायला हव्या होत्या, हे मला कळत नव्हतं असं नाही. शेवटी म्हणालो, "वाघोबा उशाला घ्या. मग छापा."

ताईनं मान डोलावली. मी हात काढला.

सगळा माल छापून, शिवून झाल्यावर पुन्हा बोलावलं. चादरीवर वाघोबा नाहीच! शेजारी उशांच्या अभ्र्यांची थप्पी, आणि प्रत्येक अभ्र्यावर वाघोबा.

"हे काय केलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, उशीला घ्या?"

"उशाला म्हणालो! उशाला म्हंजी डोक्याकडं!"

ताईचा चेहरा उतरला. आता बदलायचं म्हटलं तर सगळं कापड वाया.

मी एक अभ्रा उचलला. माणूस ह्याच्यावर डोकं टेकणार. देवापुढं तरी आपण दुसरं काय करतो? मी अभ्रा कपाळाला लावून खाली ठेवला. "चालंल. पण चादर आन् अभ्रा एकत्रच विकायचं. जोडी फोडली तर माझं चित्र परत."

ताई म्हणाली, "लोक सुटं मागतात, बाबा."

"मागू द्या."

माणच्या एका सोसायटीत विक्री लागली, तिथं मी खुर्ची टाकून बसलो. एक साहेब नुसतीच चादर मागायला लागले. मानेचं दुखणं, उशी चालत नाही.

"मग अभ्रा दाराला टांगा, पण न्या," मी म्हणालो.

"आजोबा, दान करतोय मी, अन् तुम्ही अटी घालताय?"

"दान तुमचं. वाघोबा आमचा."

ते चादर तशीच टाकून गेले. तसे आणखी काही गेले. ताईनं माझ्याकडं बघायचंच सोडलं.

माल उरला. खाटा आल्या त्या निम्म्याच पोरींना पुरल्या. वसतिगृहाच्या बाईंनी लहानग्यांना आधी दिल्या, ते बरोबरच केलं. माझी नात मोठ्यांत मोडते. सून म्हणाली, "वाघोबाची जागा राखलीत. माझी पोरगी भुईवरच." त्यानंतर ती मला जेवायला वाढायची, पण 'घ्या' म्हणायची नाही.

पाऊस लागला तशी ताई परत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, दुसरं चित्र द्याल? वाघाशिवाय? म्हणजे सुट्या चादरी खपतील, आणि उरलेल्या मुलींचं होईल."

"वाघोबाशिवाय वाडी मी काढत न्हाई."

चुलीपाशी सुनेचा हात थांबला. बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या. नात तेव्हा तिकडं कशी निजली असेल, ते मला सांगायला कुणी नको होतं.

"वाडी न्हाई काढत," मी म्हणालो. "घर काढतो. आतलं. जातं, चूल, दळणाऱ्या बाया. उंबऱ्याच्या आत वाघोबाचं काम न्हाई."

सून वळली. "हे आधी न्हाई व्हय सुचलं?"

मी गेरू भिजत घातला.