तांजोंग पगारच्या गाडीतली झोळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. पुण्यात वाढले, गणिताच्या शिकवण्या घेतल्या, आणि अमावास्येला मुद्दाम नवी चप्पल आणणाऱ्या बापाची मुलगी आहे. इथे लोक लिहितात ते अनुभव वाचून "लोकांना पित्त झालं की भुतं दिसतात" असं नवऱ्याला ऐकवणारीही मीच. तरी लिहितेय... कारण इतकी वर्षं झाली, उत्तर काही सापडलेलं नाही.

साल १९९५. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहत होतो – मी आणि अडीच महिन्यांची सई. नवरा दिनेश जहाजावर सेकंड इंजिनियर. सई झाली तेव्हा तो भर समुद्रात होता, त्याने तिला पाहिलंच नव्हतं. एक दिवस एजंटचा फोन आला – जहाज सिंगापूरला येत नाही, मलेशियात पोर्ट क्लांगला लागतंय आणि तिथून थेट युरोप. दिनेशला सकाळी तीन-चार तासांची सुट्टी मिळेल, तो क्वालालंपूर स्टेशनवर येईल. ही भेट हुकली की पुढचे सहा महिने गेले.

सकाळी पोचवणारी गाडी म्हणजे सिंगापूरच्या तांजोंग पगार स्टेशनहून सुटणारी रात्रीची स्लीपर. फार जुनी गाडी. दिनेशचे वडील, तात्या, जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांच्या काळीसुद्धा एका जहाजावरून उतरवलेल्या खलाशांना दुसरं जहाज गाठायला याच गाडीत बसवायचे म्हणे. तात्यांना मी कधी पाहिलं नाही. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते गावी, हर्णैला वारले, तेव्हाही दिनेश बोटीवरच. तो घरी पोचला तेराव्यानंतर. त्याविषयी तो कधी बोलायचा नाही, आणि मीही विचारायचे नाही.

ते स्टेशन मोठं गमतीचं होतं. सिंगापुरात असून मलेशियाच्या रेल्वेचं! एकाच इमारतीत पासपोर्टवर आधी सिंगापूरचा शिक्का, चार पावलांवर मलेशियाचा. हे शिक्के होईस्तोवर सईने जे भोकाड पसरलं ते थांबेचना. अख्खा डबा पडदे सरकवून आमच्याकडे बघत होता. समोरच्या बर्थवर साठीच्या एक चिनी बाई होत्या, लेकीकडे निघालेल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी तिच्या पोटाला चोळायला तेल दिलं, पण छे. वर तिचं अंग कोमट लागायला लागलं. ताप असला तर? शेवटी ठरवलं, पहिल्या मोठ्या स्टेशनवर, जोहोर बारूला उतरायचं आणि टॅक्सीने घरी परत. दिनेश तिकडे प्लॅटफॉर्मवर वाट बघत उभा राहील, हे डोळ्यांपुढे येऊन मीही रडत होते, खोटं कशाला सांगू. पिशवी भरली, सईला मांडीवर घेतलं आणि उतरायच्या तयारीत बसले... एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. जोहोर कधीच मागे पडलं होतं. बाहेर पामची झाडं पळत होती आणि मांडी रिकामी. मी ताडकन उठले. मग दिसलं – सईला गुंडाळायला आणलेल्या माझ्या आईच्या जुन्या सुती साडीची झोळी. एक टोक वरच्या बर्थच्या शिडीला, दुसरं खिडकीजवळच्या दांडीला. आत सई गाडीच्या हेलकाव्यांबरोबर झुलत गाढ झोपलेली. हात लावून पाहिला, ताप नव्हता.

आता गंमत अशी, की मला गाठ मारता येत नाही. मी बांधलेलं पुस्तकांचं पार्सल जिन्यातच सुटतं. तेव्हा मी समोरच्या बाईंचे आभार मानले, तर त्या वाक्यामागे "लाह" लावणाऱ्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, मी नाही. "तूच बांधलीस लाह, व्हेरी फास्ट." मग माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाल्या, "फिंगर ओके? सगळा वेळ दुमडून धरलं होतंस." अंगठ्याशेजारचं पहिलं बोट. मी हलवून दाखवलं, ठणठणीत होतं. म्हटलं, बाई झोपेत असतील.

क्वालालंपूर आलं, डबा रिकामा झाला, आणि मी नखं दुखेपर्यंत गाठींशी झटतेय. तेवढ्यात मला शोधत दिनेश आत आला. दाढी वाढलेली, हातात खुळखुळा. झोळीपुढे तो नुसता उभाच राहिला. मग त्याने सईला उचललं, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, अरे, आधी या गाठी सोडव, गाडी यार्डात जाईल. सई एका हातावर, दुसऱ्या हाताने त्याने न बघताच गाठीमागचं आखूड टोक धरलं आणि एक झटका दिला. गाठ सुटली. तो तसाच थांबला.

"ही कोणी बांधली?"

"काय माहीत."

"तात्या बांधायचे अशी. फक्त तात्या. त्यांचं डावं पहिलं बोट दोर ओढायच्या विंचमध्ये सापडून तुटलं होतं ना, म्हणून वेढा अंगठ्याखालून उलटा घ्यायचे."

मला बोटाचं ठाऊक नव्हतं. घरच्या फोटोत तात्यांचे हात दिसत नाहीत. चिनी बाई काय म्हणाल्या ते मी त्याला सांगितलं.

अटेंडंट उतरा म्हणून सांगून गेला. एक गाठ राहिली होती. दिनेशने विचारलं, "सोडू?" मी मान डोलावली. ती मात्र त्याने झटक्याने नाही सोडली. एकेक वेढा हळूहळू काढला, आणि मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. "तात्यांसाठी माझ्या हातून काहीच झालं नव्हतं गं," एवढंच म्हणाला.

नंतर दोन तास आम्ही प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसलो होतो. सई त्याच्या मांडीवर, आणि माझं ते बोट त्याच्या मुठीत.

माझी डॉक्टर मैत्रीण म्हणते, थकव्याने झोपेतच उठून बांधली असशील. मान्य! हात माझेच होते, साक्षीदार आहे. पण गाठ कुठून आली? ते स्टेशन आता बंद झालं, ती गाडीही गेली. निवृत्त झालेला दिनेश अजून त्या साडीवर ती गाठ घालून बघतो, पण वेढा कुठेतरी चुकतोच. सोडता येते, बांधता येत नाही. सई म्हणते, "आई, यू ट्राय लाह." मी हात लावत नाही. उद्या चुकून मला ती जमली, तर त्या रात्री मीच बांधली असं म्हणावं लागेल... आणि ते मला नकोय.