फादरच्या हातची हजामत

बायको गेली तेव्हा मी तिच्यासाठी चहा गाळत होतो. कप घेऊन खोलीत आलो तर ती गेलेली. छातीचं दुखणं जुनंच होतं तिचं. मुलाने ॲम्ब्युलन्स बोलावली, ती माणसं येईपर्यंत मी तिच्याशेजारी बसून माझा चहा प्यायलो आणि मग तिचाही प्यायलो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे कसेतरी बघतात. पण चहा वाया जाऊ देणारी बाई नव्हती ती.

आम्ही सिडनीला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो होतो. कोरोना आला, विमानं बंद पडली, सहाचे सतरा महिने झाले. त्यात हे झालं. जाण्याच्या आठवडाभर आधी ती मला म्हणाली होती, "अहो, माझं काही झालं तर मला इथल्या थंडीत ठेवू नका. माहेरच्या नीरेत सोडा." मी म्हटलं, "गप गं, मी आधी जाणार." तिथेही ती जिंकली.

मी न्हावी. पुण्यात नाना पेठेत दोन खुर्च्यांचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. घाटावर दहाव्याची डोकी करण्यात अर्धी हयात गेली, त्यामुळे मरणाचे नियम मला भटजीइतके पाठ. सिडनीत तेव्हा लॉकडाऊन, सगळी सलून बंद होती. मुलाचं डोकं मीच केलं, मागच्या अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून. तो रडत होता आणि मी त्याला "मान हलवू नको" म्हणून दरडावत होतो. माझं तेवढं राहिलं. नवऱ्याने करावंच असं काही नाही, मुलाने केलं की भागतं. पण मला करायचं होतं. आणि स्वतःचं डोकं स्वतःला करता येत नाही, मागची बाजू दुसऱ्याच्याच हातात असते.

तिकडे अस्थी वेचू देत नाहीत. सगळं बारीक करून करड्या प्लास्टिकच्या डब्यात देतात. मुलाने डबा गॅरेजमध्ये फळीवर ठेवला, रंगाच्या डब्यांशेजारी. त्याची चूक नाही. अस्थी घरात घेत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात, नदीला जाईपर्यंत. पण मुलगा राहतो त्या स्कोफिल्ड्सच्या नव्या वसाहतीत झाड म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली काठी. त्याला माझी टोपीसुद्धा टांगता आली नसती.

चालायला जायची परवानगी होती. मी झाड शोधत रोज वेगळ्या रस्त्याने निघायचो. अर्ध्या तासावर एक जुनं चर्च होतं आणि त्याच्या मागे एक प्रचंड झाड. पान तोडून बघितलं, पांढरा चीक आला. म्हटलं, वडाच्याच जातीचं हे. आणि मग मला तिथे उभ्या उभ्या एकदम राग आला. महिन्यापूर्वी वटपौर्णिमेला तिने भिंतीला कागद चिकटवून त्यावर पेनाने वड काढला होता. कागदाभोवती फेऱ्या कशा मारणार? तिने स्वतःभोवतीच सात गिरक्या घेतल्या आणि हसत म्हणाली, "झाड मिळालं नाही हो यंदा. सुटलात." झाड इतकं जवळ होतं.

चर्चच्या दारात गाड्यांची रांग लागलेली. एक उंच म्हातारा गाड्यांच्या डिकीत खोकी ठेवत होता, ज्यांची कामं गेली त्यांच्यासाठी. केस मानेवर आलेले, स्वेटरला कोपरावर ठिगळ. मी जाऊन त्याला म्हटलं, "प्लीज. बॉक्स. माय वाईफ." झाडाकडे बोट दाखवेपर्यंत त्याने एक खोकं माझ्या हातात दिलंसुद्धा. मी ते घेऊन घरी आलो. आत शेवया, टोमॅटोचे डबे आणि बिस्किटं.

मुलगा भडकला. "बाबा, तुम्ही मागायला गेला होता? मी काय मेलोय का?"

"मी झाड मागत होतो."

"झाड?"

"त्याने शेवया दिल्या, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी खोकं परत घेऊन गेलो. म्हातारा म्हणाला, "नो लाईक?" मी खोकं खाली ठेवलं, झाडाजवळ गेलो, फांदी दाखवली आणि म्हटलं, "माय वाईफ. हियर. हँग." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या लक्षात आलं, मी काय बोलून बसलो ते. मग हात जोडून, डोळे मिटून, आग दाखवून, राख चिमटीत दाखवून सगळं नाटक करून सांगितलं. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच, अडखळत. तो त्या चर्चचा फादर, मूळचा फ्रान्सचा. म्हणाला, त्यांच्या धर्मात राख अशी टांगत नाहीत, मातीत नीट ठेवतात. मी मान हलवली आणि निघालो. फाटकापर्यंत पोचलो तर मागून हाक आली, "मिस्या! मिस्या!" मला वाटलं माझ्या मिशांवरून चिडवतोय. वळलो. तो म्हणाला, "चर्च, रूल. ट्री, नो रूल." आणि शिडी आणायला गेला.

तिच्या लाल सुती पातळाची मी पिशवी शिवली आणि डबा त्यात बांधला. शिडीवर फादरच चढला. गाठ मारता येत नव्हती त्याला. दोनदा सुटली. मी खालून ओरडत होतो, "अरे आवळ! टाईट!" शेवटी मीच चढलो.

मग रोज जायला लागलो. घरी मुलगा कॉम्प्युटरपुढे मीटिंगमध्ये, सून दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये. मला कोणाशी बोलायचं? झाडाखाली बाक होता, त्यावर बसायचो. फादर सकाळी बाहेर आला की वर बघून "बोंजूर, मादाम" म्हणायचा, मग मला. एक दिवस मी कात्री आणि कंगवा घेऊनच गेलो. म्हटलं, बस इथे, ते जंगल बघवत नाही मला. कायद्यात बसत होतं की नाही देव जाणे. दोघांच्या तोंडाला मास्क होते आणि आकाशाखाली होतो.

कोणाचंही डोकं हातात आलं की माणूस कळतो. साधा माणूस मान कडक धरतो, ढकलावी लागते. याची मान बोट लावायच्या आत वळत होती, कानामागचे केस कापायची वेळ आली की आपोआप कलत होती. मी थांबलो. म्हटलं, "यू बिग हाऊस? बार्बर कम होम?"

तो हसला. "हाऊ यू नो?"

घरी येऊन विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, तो साधा माणूस नाहीये. जहागीरदार होता तिकडे. गढी, द्राक्षांचे मळे. सगळं विकून इथे आला. त्या पैशांतून बेघर म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली, हे धान्यवाटप पण त्याचंच. शेजारची बाई त्याच चर्चला जाते, ती सांगत होती." आणि हेही म्हणाला, "मिस्या नाही हो बाबा, ते मिशांचं नाही. त्यांच्यात साहेब म्हणतात तसं आहे." मला आयुष्यात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी दोन दिवस थोडा ऐटीत चाललो.

पण मला श्रीमंतांच्या त्यागाचं फार कौतुक नाही. पुढच्या वेळी त्याचे केस कापताना मी त्याला तसं तोंडावर बोललो. तुझ्याकडे होतं म्हणून सोडलंस, माझ्याकडे नव्हतंच, मला कोण फादर म्हणणार? माझं इंग्रजी ऐकून त्याला किती कळलं माहीत नाही. त्याने उलट त्यांच्या गढीवर येणाऱ्या न्हाव्याची गोष्ट सांगितली. दर शनिवारी सायकलवर यायचा. त्याच्या वडिलांची, काकांची आणि त्याची अशी सगळ्यांची डोकी करायचा. यायचा स्वयंपाकघराच्या दाराने, जायचाही त्याच दाराने.

मी म्हटलं, "सेम. आम्ही पण मागच्या दाराने."

तो म्हणाला, "ट्वेंटी इयर्स ही कम. आय डोन्ट नो हिज नेम." आणि मान खाली घातली. मी म्हटलं, मान वर कर, माझं काम अजून व्हायचंय.

वसंत ऋतू आला त्यांचा, निर्बंध उठले, विमानं सुरू होणार अशी बातमी आली. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकीट काढतो. आईला घेऊन जाऊ." मी म्हटलं, बघू. आठवड्याने विचारलं, मी म्हटलं, इतकी घाई काय आहे. मग सून म्हणाली, "बाबा, आईंना तिथे झाडावर किती दिवस ठेवायचं?" मी म्हटलं, "माझं डोकं झालेलं नाही. डोकं केल्याशिवाय मी तिला उतरवणार नाही."

"सलून उघडलीत की. मॉलमध्ये जाऊया आजच."

"मॉलमध्ये? गाणी लावलेली असतात तिथे."

बहाणा होता. त्यांनाही कळत होतं. झाडावर होती तोवर मला सकाळी उठायला कारण होतं. नीरेत सोडली की मग मी फक्त दोन खुर्च्यांच्या दुकानातला एक म्हातारा.

फादरने एक दिवस विचारलं, "मादाम, व्हेन गो?" मी त्यालाही डोक्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आय डू." मला हसू आलं. म्हटलं, "तू? गाठ मारता येत नाही तुला." तो म्हणाला, "यू टीच." इतका वेळ जे कारण पुढे करत होतो, ते त्याने हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वस्तरा घेऊन गेलो, नवं पातं घालून. बाकावर बसलो. त्याने एका वाडग्यात गरम पाणी आणलं, खांद्यावर टॉवेल टाकला, अगदी नीट, जसा त्याच्यावर कोणी टाकत असेल लहानपणी. मी सांगितलं, आधी भिजव. चोळ. घाबरू नकोस, डोकं आहे, अंडं नाही. वस्तरा तिरपा धर. वरून खाली. दोनदा कापलं त्याने, कानामागे आणि टाळूवर. मी शिव्या दिल्या, मराठीतून. त्याने सॉरी म्हटलं, कदाचित फ्रेंचमधून. पांढरे केस मांडीवर पडत होते आणि माझ्या ध्यानात आलं की हे डोकं जन्मात कोणी असं बसवून केलेलं नाही. दुकानात माझाच कारागीर घाईघाईने उरकायचा. घाटावर मी नेहमी उभा, बसलेला कायम दुसरा.

मागची बाजू करताना तो थांबला. म्हणाला, "मिस्या. युवर नेम?"

चार महिने आम्ही रोज भेटत होतो. मी नाव सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर. मग वस्तऱ्याने वर बोट केल्यासारखं केलं. "अँड मादाम?"

आता काय सांगू? बेचाळीस वर्षं संसार केला, तिला मी "अगं" म्हणत आलो. लोकांत "घरातले" म्हणायचो. नाव घ्यायचं ते तिनेच, लग्नात उखाण्यात. दवाखान्यात, स्मशानात, सगळीकडे कागद मुलाने भरले. मी तिचं नाव कोणासमोर असं मोठ्याने घेतल्याचं मला आठवत नाही.

घेतलं. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा घेतलं, वर बघून.

त्याने पुसलं डोकं. मग शिडी त्याने धरली आणि मी चढलो. पातळाचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता. माझीच गाठ, इतकी आवळलेली की सुटेना. कात्री खिशात होती. दोरी कापली आणि तिला छातीशी धरून उतरलो, एकेक पायरी. खाली आलो तसं मुलाला फोन लावला. म्हटलं, "तिकीट काढ. दोघांचं."

"दोघांचं? बाबा, आईला कुठे तिकीट—"

"तुझं आणि माझं. तुझी आई मांडीवर बसेल."