अर्थिंगखालचा रंग

सबूरचाचांना घाई कशाशी खातात ते माहीत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. मलकापुरात हायवेला त्यांचं गॅरेज माझ्या गॅरेजच्या बरोबर समोर. गाडी ढकलत आणलेली असो, मालक कावलेला असो, चाचा आधी त्याला बाकावर बसवणार आणि म्हणणार, "सबूर. पहिले सांगा, मागच्या महिन्यात गाडीले कोणाकोणाचा हात लागला?" धुणाऱ्यापासून टेप बसवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं झाल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. नाव पडलं ते त्यावरूनच.

माझ्याकडे रॅम्प होता, रंगकामाची शेड होती, नवा स्कॅनर होता. त्यांच्याकडे एक बाक. तरी गाड्या तिकडेच. एकदा मीही एका गिऱ्हाइकाला "सबूर" म्हणून पाहिलं, तर तो उठून समोर गेला.

तेही मी गिळलं असतं. पण त्या बाकावर रोज दुपारी माझे बाबा बसायचे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. घरून निघायचे माझ्या गॅरेजला म्हणून, आणि सरळ रस्ता ओलांडायचे. "काऊन जाता तिकडं?" मी एकदा विचारलंच. म्हणाले, "तुयाकडं लय ठोकाठोकी. तिथं माणूस दोन गोष्टी बोलते." रात्री जेवताना पुन्हा चाचांचंच पुराण. माझ्या एखाद्या कामाला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायचं ते यासाठी.

अशात एक कापसाचे व्यापारी, आम्ही त्यांना शेठच म्हणायचो, त्यांची ऑटोमॅटिक गाडी घेऊन माझ्याकडे आले. गाडी एकाच गिअरमध्ये अडकलेली. स्कॅनर लावला, कोड आला पी झिरो सातशे. हा कोड फक्त इतकंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कंप्युटरची काहीतरी तक्रार आहे. काय तक्रार आहे, ते त्या कंप्युटरलाच विचारावं लागतं. माझ्या स्कॅनरला ते येत नव्हतं, आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. मी ठोकून दिलं, "कंप्युटर गेला. नवा मागवावा लागेल."

शेठ म्हणाले, "एकडाव चाचाले दाखवून पाहतो." मीही मागोमाग गेलो. माझं म्हणणं खरं ठरायचं असेल तर बाबांच्या डोळ्यांसमोर ठरू दे, एवढाच माझा हट्ट होता.

चाचांचा प्रश्न झाला. शेठनं माझ्याकडे बोट केलं, "महिन्यापहिले यायच्याकडं समोरचं डेंटिंग-पेंटिंग केलं. बस, बाकी कोणी नाही." चाचांनी त्यांचा स्कॅनर लावून कंप्युटरला विचारलं, तर तो म्हणे मला पुरता करंट मिळत नाही. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी कंप्युटरच्या अर्थिंगला, आणि शेठना गाडी चालू करून हेडलाइट लावायला सांगितलं. आकडा शून्याच्या जवळपास हवा होता. तो दीड व्होल्टवर गेला. चाचांनी अर्थिंगच्या बोल्टला पाना लावला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि थांबले. "भाऊ," ते बाबांना म्हणाले, "जरा चहा सांगून या ना."

बाबा गेल्यावर त्यांनी बोल्ट खोलला. खाली चकचकीत रंग, आणि रंगातून करंट जात नाही. उघड्या पत्र्यावर बसायला हवी ती वायर रंगावर बसवून बोल्ट आवळला होता, तोही मीच. चाचांनी पॉलिश पेपरनं रंग घासून काढला, बोल्ट कसला आणि शेठना म्हणाले, "अर्थिंग पकडत नव्हती. होते असं." बाबा चहा घेऊन आले तोवर गाडी चारही गिअर बदलत होती.

"पोरानं कोड बराबर वाचला होता, भाऊ," चाचा बाबांना म्हणाले. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्यासाठी इतकी वर्षं झुरलो ते मिळालं, आणि मिळवून दिलं कोणी, तर या माणसानं. त्या दिवशी मी त्यांच्यावर जितका जळलो तितका आधी कधी जळलो नव्हतो. संध्याकाळी जाऊन भांडलोच, "खरं काऊन नाही सांगतलं?" ते हात पुसत म्हणाले, "बाप बसला होता ना बे तुया."

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आता बाबा माझ्याकडे बसतात, फारसं बोलत नाहीत. परवा मला राहवलं नाही. त्या गाडीचं सगळं सांगून टाकलं.

"माहीत हाये मले," बाबा म्हणाले. "आमचा चहा तं तू तिथं येण्याच्या पहिलेच झाला होता. लगेच दुसरा कोण सांगते? तवाच समजलो मी."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"त्यानं इतक्या मनानं झाकलं. मी कायले उघडू?"

म्हणजे ते दोघं एकमेकांशी एक शब्दही न बोलता मला सांभाळत होते. माझ्या बापाला न बोलता समजणारा एक माणूस या गावात होता, आणि तो मी नव्हतो. चाचा गेले, पण माझं जळणं अजून गेलेलं नाही.