उजव्या कोपऱ्याची जोडी

नरडाण्याच्या स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात काकूने भिकाला तीन वेळा खाली उतरवलं. एकदा टोपी राहिली म्हणून, एकदा भाकरीचं फडकं द्यायचं म्हणून आणि एकदा नुसतंच. शेवटी मी त्याला दंडाला धरून वर ओढलं तेव्हा गाडी हलली होती. काकू फलाटावरून आमच्याबरोबर चालत मला म्हणाली, "तू मोठा शे. तू सांगशी तसंच तो करी."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भिका माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. गावातले बाकीचे लोक सुरतेला कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पोट भरायला जात होते. आम्ही दोघं कबड्डी खेळायला चाललो होतो, आणि त्याचा आम्हाला कोण तोरा होता. नंदुरबारच्या स्पर्धेत सुरतेतल्या बमरोलीच्या एका शेठने आमचा खेळ पाहिला होता. त्याच्या कारखान्याचा स्वतःचा संघ होता. खेळणाऱ्याला लूमवर नोकरी, सामन्याच्या दिवशी सुट्टी. खेळ आहे तोवरच नोकरी आहे, हे मात्र तो बोलला नव्हता. ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

बमरोलीत सहा जणांत मिळून एक खोली मिळाली. तिच्यात झोपायला जागा तिघांपुरतीच. उरलेल्या जागेत स्टोव्ह, ट्रंका आणि पाण्याचं पिंप. पण कोणाचं अडत नसे, कारण लूम चोवीस तास चालायचे. तिघं दिवसपाळीला गेले की रातपाळीचे तिघं येऊन त्याच जागी झोपायचे. माझी जागा भिकाबरोबर होती. मी सकाळी उठून गेलो की तो येऊन माझ्याच गोधडीत शिरायचा. पंधरा दिवसांनी पाळ्या उलटायच्या, पण सगळ्यांच्या एकदमच. त्यामुळे एका घरात राहून आम्ही भेटायचो ते कारखान्याच्या फाटकात, एक आत जाताना आणि एक बाहेर पडताना.

मैदानावर मात्र तो माझ्या शेजारीच असायचा. डाव्या कोपऱ्यात तो, त्याला लागून मी, हातात हात. कबड्डीत बचाव करणारे हात धरून उभे असतात एवढंच बघणाऱ्याला दिसतं. त्या हातांतून काय चाललेलं असतं ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. जोडीत एकाने झेप घ्यायची असते आणि दुसऱ्याने थांबायचं असतं. दोघंही झेपावणारे असले तर चढाई करणारा दोघांनाही बाद करून जातो. दोघंही थांबणारे असले तर तो आरामात गुण घेऊन जातो. भिका थांबणारा होता. समोरच्याने कितीही हुलकावण्या दिल्या तरी हा बोटभर हलायचा नाही. माझ्यासारख्या उतावळ्याला तोच सांभाळून घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी मला कप्तान केलं. लागोपाठ दोन स्पर्धा हरलो होतो. शेठने मला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "कप्तान, जमणी बाजू खाली छे." उजवी बाजू रिकामी आहे. पुढचं वाक्य त्याने उच्चारलं नाही, पण ते बारा जणांच्या नोकरीबद्दल होतं. आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. उजव्या कोपऱ्यात अकोल्याकडचा मधुकर खेळायचा. अंगात रग भरपूर, पण सावली हलली तरी उडी घ्यायचा. त्याच्या शेजारी कोणी टिकत नव्हतं. एकीकडे आमची पक्की जोडी आणि दुसरीकडे खिंडार. चढाई करणारे डावीकडे फिरकायचेसुद्धा नाहीत.

मी खूप विचार केला आणि भिकाला मधुकरशेजारी द्यायचं ठरवलं. आजही सांगतो, जोडी म्हणून तो निर्णय बरोबर होता.

पण त्या दोघांचा एकत्र सराव व्हायला हवा होता. आम्हा भावांना सरावाची गरज नव्हती, लहानपणापासून एकाच अंगणात खेळलो होतो. मधुकर होता माझ्या पाळीत. मी पाळ्या लावणाऱ्या लूमच्या मास्तरला गाठलं आणि भिकाची पाळी बदलून घेतली. भिकाला विचारलं नाही. फाटकात भेटला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "बरं दादा."

आता रात्री खोलीत चौघं झाले आणि जागा तिघांचीच. सगळ्यांत लहान भिका, तोच उठला. कारखान्यात कोपऱ्यात कापडाच्या ताग्यांची रास असायची, तिच्यावर जाऊन झोपू लागला. तिथे रात्रभर पन्नास लूम खडखडत असायचे. मी विचारलं, झोप लागते का? "लागस ना," म्हणाला. ते खोटं आहे हे मला त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. आठवड्याभरात त्याचा चेहरा उतरला. मी माझी जागा त्याला देऊ शकत होतो, एक दिवसाआड तरी. मनात यायचं आणि राहून जायचं. उजवी बाजू भरली होती. मधुकर वेळेवर झेपावत होता, भिका त्याला रोखून धरत होता, आम्ही जिंकत होतो, आणि कप्तान म्हणून माझी वाहवा होत होती. मला ती आवडत होती.

अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमारास, भिकाच्या लूमवर धागा तुटला. लूम बंद करून मगच हात घालायचा असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. भिकाने चालू लूममध्ये हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, आधी माझ्या आणि मग मधुकरच्या हातात असायचा त्याच हाताची. मास्तर म्हणाला, उभ्या उभ्या झोपला होता.

चार दिवसांनी मी अंतिम सामना खेळलो. जिंकलोही, आणि विजयाचं जेवण जेवलोही. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच झालं.

मग भिकाला गावी घेऊन आलो. काकूने हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आधी भिका म्हणाला, "माय, मीच पाळी बदली लिधी. दादानी तं नको सांगेल व्हतं." काकू ओक्साबोक्शी रडली. मी दारात उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्या दिवसापासून गावाने भिकाला हट्टी ठरवलं. दादाचं ऐकलं नाही म्हणून हात घालवून बसला, असं पोरासोरांना सांगू लागले. त्याचं लग्न कितीतरी वर्षं जमलं नाही. हाताची अडचण होतीच, वर हा शिक्का. आणि मी मात्र शहाणा. सुरतेला कोणाला पाठवायचं झालं की माझ्याकडे पाठवायचे. एकदा आम्ही दोघंच असताना मी म्हटलं, खरं सांगून टाकतो. तो चिडला. "आते काय फायदा?" एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

पुढे संघ मोडला, शेठने धंदा बदलला. मी सुरतेतच डिंडोलीत दोन खोल्या बांधल्या. मुलं आपसात गुजरातीत भांडतात, माझ्या अहिराणीला हसतात. शेजारीपाजारी मान देतात. मी काय केलं ते त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक झालं तरी त्यांचं काही बिघडणार नाही.

गेल्या वर्षी काकू आजारी होती तेव्हा भेटायला आलो होतो. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "भिकानी तुन्हं ऐकं नई बा. त्याले माफ करजो." भिका पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होता. त्याने वर पाहिलं नाही. आणि मी तिला म्हणालो, "हां काकू, करं माफ." माफ केलं.

त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. त्या एका 'हां'नंतर मला डिंडोलीच्या घरात धड झोप लागलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे, गावातल्या सगळ्यांसाठी आणि तिथून इकडे आलेल्यांसाठीही. भिकाने काही मागितलं नव्हतं. पाळी मी बदलली. मला निघून जा म्हणायचा हक्क सुरतेत कोणालाच नाही. तो फक्त तुम्हाला आहे, म्हणून माझं घर अजून गावातच आहे. आखाजीच्या सणाला येतो आहे. काकूच्या घराच्या ओट्यावर बसेन. आत घ्यायचं की नाही, ते भिकाला विचारू नका. तो हो म्हणेल. तुम्हीच ठरवा.