बोलणारा स्क्रीन

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात भरतीच्या परीक्षांचे पेपर टाइप होत. एकदा एसी दुरुस्त करायला एक पांढऱ्या मिशांचा माणूस आला. पूर्वी लष्करात वायरलेसवर होता म्हणे. त्याने खिशातला रेडिओ माझ्या कम्प्युटरजवळ धरला. मी पान बदललं की रेडिओची खरखर बदलायची.

"तुमचा स्क्रीन बोलतोय," तो म्हणाला. "त्याच्या लहरी हा रेडिओ पकडतोय. चांगलं यंत्र असेल तर स्क्रीनवरचं भिंतीपलीकडून वाचता येईल."

साहेब हसले. "काका, आमच्याकडे पासवर्ड आहे."

त्याने साहेबांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पासवर्ड टाकून तुम्ही जे बघता ना, तेच बाहेर जातंय."

त्याला वाटेला लावून साहेबांनी दारावर 'गोपनीय' अशी पाटी ठोकली. हजारो मुलांची परीक्षा त्या पाटीच्या भरवशावर होती. पाटीचं कौतुक करण्यात मी सर्वांत पुढे होतो, कारण बढतीची यादी साहेबच करणार होते.